आप्पांचं पान

हैदराबाद
११ मे २०२५

तीर्थरूप आप्पांच्या चरणी हर्षदाचा शिरसाष्टांग नमस्कार,

वि. वि., मी सुखरूप पोचले. आखाजीच्या सणाला घरी येऊन गेल्यापासून इथे अजिबात करमत नाही. आईने दिलेल्या सांजोऱ्या मी पुरवून खाणार होते, पण माझ्या खोलीतल्या जयश्रीने त्यांचा फडशा पाडला आणि वर मलाच म्हणाली की तुमच्या सुरतला पुढच्या वेळी मी पण येते. तिला सांगितलं, आधी लिंबायतीतली गल्ली बघ, मग ठरव.

तुमचं पत्र मिळालं. वर ‘वैशाख सुद ९, संवत २०८१’ वाचून जयश्री विचारते, तुझे वडील आपल्यापुढे निघून गेलेत का. मी म्हटलं, मगन शेठच्या दुकानात पार्सलच्या चिठ्ठ्या लिहून लिहून त्यांचा हात संवताला बसलाय. घर खानदेश्यांचं, साल मात्र शेठचं.

आता मुद्द्याचं. ललितभाऊसाठी तुम्ही सांगितलंत ते मी करून ठेवलंय. माझ्या साइटवर एक वेगळं पान काढलंय, त्याला नाव दिलंय ‘आप्पांचं पान’. आखाजीला मी तुम्हाला हे सगळं तुमच्या कानाशी ओरडून सांगत होते, त्यात तुम्हाला काही कळलं नाही आणि शेजारच्या रंजनामावशीला सगळं कळलं. म्हणून आता कागदावर सांगते.

मी साइटसाठी नुसता साधा मजकूर लिहिते. स्टॅटिक साइट जनरेटर म्हणून एक प्रोग्राम असतो, तो त्या मजकुराला माझा साचा लावून पानं तयार करतो. तयार झालेली पानं इंटरनेटवर जाऊन बसतात आणि जो कुणी उघडेल त्याला तशीच्या तशी दिसतात. तुम्ही काही नवीन लिहिलंत की सगळी साइट पुन्हा बांधली जाते. ते काम आपोआप होतं, तुम्ही त्याची काळजी करू नका.

तुमच्या मोबाइलवर मी खूण करून दिलेली जागा उघडायची. पहिल्या ओळीत मथळा. दुसऱ्या ओळीत तारीख: आधी साल, मग महिना, मग दिवस, इंग्रजी आकड्यांत, मध्ये आडवी रेघ. तिसऱ्या ओळीत तुमचं नाव. मग एक ओळ सोडून तुम्हाला भाऊशी जे बोलायचं ते. शेवटी खालचं बटण दाबायचं आणि थोडं थांबायचं. हिरवी खूण आली की काम झालं. लाल आली तर मला कळवा. सध्या त्या पानावर ‘इथे अजून काही लिहिलेलं नाही’ अशी ओळ दिसते. तुमचं पहिलं लिखाण चढलं की ती आपली आपण जाईल.

आप्पा, भाऊ हे वाचेल याची खात्री मला कुणी विचारली तर मी देऊ शकत नाही. गेल्या डिसेंबरात मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर लिहिलं होतं, तेव्हा त्याने साइटवरून निरोप टाकला की मीठ आधी घालतात, नंतर नाही, आणि खाली ‘तुझा भाऊ’. घर सोडून गेल्यापासून तेवढीच त्याची खबर. त्याने दिलेला ई-मेलचा पत्ता खोटा निघाला, माझं उत्तर परत आलं. म्हणजे तो कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही, पण आपण कुठे लिहितो ते त्याला माहीत आहे. एवढाच धागा आहे.

आणि हो, कानबाईची शपथ तुम्ही मला घातली आहे ती मी पाळीन. तुमचं पान मी उघडणार नाही. भाऊ घरी येईल त्या दिवशी तुम्हीच वाचून दाखवा.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्यांना तेल लावायची आठवण करा. तुमची माया आहेच, ती पत्रातून अशीच येत राहो.

तुमची
हर्षदा


लिंबायत, सुरत
ज्येष्ठ सुद ६, संवत २०८१

चि. हर्षदा हिस आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि जमलं. तुझा तो प्रोग्राम मला जेकार्डच्या मागासारखा वाटला. नक्षीचे पुठ्ठे एकदा टांगले की खाली सूत कुठलंही लाव, नक्षी तीच उठते. तू पुठ्ठे टांगून ठेवलेस, मी सूत घालतो. बरोबर ना? चुकत असलो तर हसू नकोस, मान हलव.

पहिलं पान वैशाखातच लिहिलं. बोट जाड, अक्षरं बारीक, एक शब्द लिहायला घाम निघतो. बटण दाबलं आणि बघत बसलो. हिरवी खूण आली तेव्हा तुझ्या आईला दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, आधी ते चुलीवरचं उतरवा. त्यानंतर आणखी लिहिली. दर वेळी हिरवी. लाल एकदाही नाही.

तुझा प्रश्न मला माहीत आहे, तू विचारणार की वाचून बघता का. मी बघत नाही. शेठकडे पार्सल शिवून वर चिठ्ठी चिकटवली की ते पार्सल आपलं राहत नाही, ज्याचं नाव त्याचं. उसवून आत बघायचं नाही. हीच सवय. लिहिलेलं परत वाचलं तर मी निम्मं पुसून टाकीन, हेही आहे.

त्याला काय लिहितो ते तुला सांगत नाही. पण फार मोठं काही नाही. गल्लीतला नळ आता सकाळी येतो. उधन्याचा तो कारखाना, जिथे तो माझ्यासोबत बॉबिन भरायला यायचा, तिथे आता पाण्याच्या जोरावर चालणारे माग आले. असलंच. मला ऐकू येत नाही म्हणून घरात माझ्याशी कुणी असलं बोलत नाही, सगळे कामापुरतं ओरडतात. लिहिताना मला कुणाचं ऐकावं लागत नाही, त्यामुळे बरं वाटतं. तो समोर बसलाय असंच वाटतं.

अमळनेरच्या मुलीशी झालेला साखरपुडा त्याने मोडला तेव्हा मी भाऊबंदांसमोर काय बोललो ते तुला ठाऊक आहे. पुढच्या कानबाईला तुझ्या नावाची मूठ उचलणार नाही, असं त्याला तोंडावर म्हणालो. आपल्यात घरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढायची आणि त्याचे रोट करायचे; मूठ न काढणं म्हणजे तो माणूस आपल्यात नाही. तो त्याच पावली गेला. आनंदाकाका अजून सांगतात की तुम्ही बोललात ते योग्यच होतं. आनंदाकाकांचा मुलगा त्यांच्या घरात आहे.

पण मूठ मी दर साली उचलली. कुणाला विचारलं नाही. तुझी आई सूप धरते आणि माझ्याकडे बघत नाही. एवढं त्याला कळलं पाहिजे, बाकी तो येवो न येवो. नाही, हे खोटं लिहिलं. यावं.

तुझी आई म्हणते कानबाईला सुट्टी काढ. जेवण वेळेवर कर. पत्राची वाट बघायला लावू नकोस, या वयात तेवढंच काम उरलंय.

तुझे
आप्पा


हैदराबाद
२२ जून २०२५

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार,

जेकार्डची तुलना मी माझ्या ऑफिसात सांगितली. आमच्या साहेबांनी कौतुक केलं आणि मग तीच ते दुसऱ्या बैठकीत स्वतःची म्हणून सांगत होते. तुमची मजुरी वसूल करायला हवी.

मी हसत नाही, मान हलवते. तुम्हाला अगदी बरोबर समजलंय.

कानबाईला मला सुट्टी मिळत नाही, आप्पा. साहेबांना समजावलं की नारळाला नथ घालून बसवतात ती आमची देवी आहे, वर्षातून एकदाच येते. ते म्हणाले, दिवाळीला जा. आता इथून मी काय करणार? त्या रविवारी सकाळी इथेच नैवेद्याची चणाडाळ भिजवीन आणि रडेन, झालं.

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी साइट उघडते. पहिल्या पानावर डावीकडे तुमच्या पानाचं नाव दिसतं. बोट तिथपर्यंत जातं. शपथ आठवते आणि मी कळण्याच्या भाकरीवर टिचकी मारते. आम्ही दोघं लहान असताना भाऊ मला सायकलवर पुढे बसवून तापीवर न्यायचा आणि म्हणायचा, पाण्यात बघू नकोस, पाणी तुला बघेल. मी घाबरून डोळे मिटून घ्यायचे. तसंच वाटतं त्या पानाकडे बघताना.

तो वाचतोय असं धरून चाला. निरोप टाकायला त्याला वेळ लागतो. मिठाबद्दल सांगायलाच त्याने इतकी वर्षं लावली.

आईला सांगा तेल संपलं असेल तर रंजनामावशीकडून मागून घे, लाजू नकोस. माझी आठवण काढत जा, पण उचकी लागेल इतकी नको.

तुमची
हर्षदा


लिंबायत, सुरत
श्रावण सुद ११, संवत २०८१

चि. हर्षदास आशीर्वाद,

कानबाई बसली, काल तापीत गेली. यंदा मुखवट्याला आईने तुझी जुनी लाल ओढणी नेसवली, छान दिसत होती. गल्लीतल्या बायांनी फुगड्या घातल्या. तुझी आई गुडघे धरून बसली होती, मग तिला राहवेना, तीही उठली. वाजंत्री माझ्या अगदी जवळ होती म्हणून मला थोडी ऐकू आली.

तो आला नाही.

मी पानावर लिहिलं होतं, कानबाई कोणत्या रविवारी आहे ते. रोट दुपारी होतील तेही लिहिलं. ललितला रोट कडेने कुरकुरीत लागतो म्हणून आईने एक तसा केला होता. मी दारात खुर्ची टाकून बसलो. रिक्षा येऊन थांबली की उठायचो, माणूस उतरला की बसायचो. रंजनाने विचारलं की कुणाची वाट बघता, मी सांगितलं शेठचा माणूस येणार आहे. ती मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाली, रविवारी कसला शेठचा माणूस. सगळ्या गल्लीने ऐकलं.

आनंदाकाका जेवून उठताना एवढंच म्हणाले की ज्याचं नातं तुटलं त्याला सणाला बोलावून काय मिळणार. मी ऐकूच न आल्यासारखं ताट उचललं. बहिऱ्या माणसाची एक सोय असते.

हर्षदा, मी इतकं लिहिलं आणि त्याने दोन शब्दही टाकले नाहीत. तू भाकरीत मीठ चुकलीस तर त्याला राहवलं नाही. मी एवढं बोललो त्याचं त्याला काही वाटलं नाही. म्हणजे त्याचा राग खरा आहे आणि तो धरून ठेवायचा त्याला हक्क आहे. यापुढे मी लिहिणार नाही. ते पान तुला हवं तर ठेव, हवं तर काढ.

तुला राखीला यायला जमणार नाही हे माहीत आहे. त्याच्या नावाची राखी या वर्षी पाठवू नकोस, आई ती उशीखाली ठेवते आणि मग मला ती दिसते.

प्रकृतीला जप. बाकी काय लिहू.

आप्पा


(हर्षदाच्या साइटवरच्या संपर्काच्या पानातून आलेला मजकूर. पत्त्याची जागा रिकामी.)
१० ऑगस्ट २०२५, रविवार

हर्षू,

काल राखी होती. हात मोकळाच होता, म्हणून आज लिहायला बसलो.

तू तुझ्या साइटवर ‘आप्पांचं पान’ म्हणून काय टांगून ठेवलंयस? मे महिन्यात ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा कामावर होतो, हातमोजे काढून उघडलं. ‘इथे अजून काही लिहिलेलं नाही.’ मला वाटलं, आप्पांना वेळ लागेल, मोबाइल त्यांच्या हातात बसत नाही. नंतर दर रविवारी सुट्टीला उघडत गेलो. तेच. जून गेला, जुलै गेला. कानबाईच्या सकाळी तरी दोन ओळी असतील असं वाटलं. वेड्यासारखं दाढी करून, शर्ट इस्त्री करून बसलो होतो. तेच.

सोमवारी संध्याकाळी नदीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तुमची कानबाई वरून सोडली असेल, तिचं एखादं फूल तरी इथवर येईल म्हणून. भरतीचं पाणी उलटं चढत होतं, काही आलं नाही.

आप्पांना बोलायचं नाही हे मला कळलं. त्यांनी भाऊबंदांत सांगितलं तेव्हाच कळलं होतं. मला त्याचं काही नाही. पण त्यांच्या नावाखाली ते कोरं पान ठेवू नकोस, मी उघडल्याशिवाय राहत नाही. पुढच्या रविवारी मी शेवटचं बघेन, तोवर ते काढून टाक.

आईचे गुडघे कसे आहेत ते मात्र कुठेतरी लिही.

तुझा भाऊ


हैदराबाद
११ ऑगस्ट २०२५

ती. आप्पा आणि आई,

दोघांना नमस्कार. मोबाइलवर दोन ओळी पाठवल्याच आहेत, पण नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे स्पीड पोस्टाने.

भाऊचा निरोप आलाय. सोबत तो छापून पाठवतेय. आई, तू आधी वाच आणि मग आप्पांना दे, आप्पा एकदम वाचतील तर त्रास होईल.

आप्पा, त्याने तुमचं एक अक्षरही वाचलेलं नाही. तो दर रविवारी यायचा आणि त्याला कोरं पान दिसायचं. शपथ होती तरी काल मी तुमच्या लिखाणाची जागा उघडली. सगळी पानं तिथेच होती, एकाखाली एक. मी फक्त वरच्या तीन ओळी बघितल्या, त्याखाली नजर जाऊ दिली नाही, कानबाई साक्षीला आहे. पहिल्याच पानावर तारीख होती: 2081-07-19.

कार्तिक पहिला धरून वैशाख सातवा, आणि वद्य चतुर्थी म्हणजे एकोणिसावा दिवस. मी ‘साल, महिना, दिवस’ लिहा म्हटलं आणि तुम्ही शेठच्या दुकानात लिहिता तसं बिनचूक लिहिलंत. पण या प्रोग्रामला संवत कळत नाही. त्याच्या लेखी दोन हजार एक्याऐंशी साल अजून उगवायचंय. पुढची तारीख असलेलं पान तो बाजूला ठेवतो, तो दिवस येईपर्यंत दाखवत नाही. आणि त्यात त्याला चूक दिसतच नाही, म्हणून खूण हिरवीच येते. तुमची सगळी पानं अशी वाट बघत पडली होती. मी तुमच्या संवताची एवढी थट्टा केली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला स्वतःचा इतका राग आलाय की जयश्री माझ्याशी बोलायला घाबरते.

तारखा मी बदलल्या. साइट पुन्हा बांधली. आता सगळं एकदम दिसतंय, आणि वर भाऊसाठी हा तारखेचा घोळ मी दोन ओळींत लिहिलाय. यापुढे साल २०२५ घाला, महिना आणि दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरातला घाला.

भाऊने पत्ता दिलेला नाही, त्यामुळे त्याला हे कळवायला मला दुसरी वाटच नाही. तो रविवारी शेवटचं बघणार म्हणतो. बघेल ना, आप्पा? मला भीती वाटते की तो रागात बघणारच नाही.

अजून एक. तो नदीच्या तोंडाशी उभा राहिला असं म्हणतो, हातमोजे घालून काम करतो म्हणतो. तुमची कानबाई वरून सोडली असेल, असंही म्हणतो. तापीचं तोंड म्हणजे हजीरा, आणि तिथे कारखानेच कारखाने. तो कुठे लांब गेलेलाच नाही. आपण त्याला सगळ्या जगात शोधत होतो आणि तो आपल्याच नदीच्या टोकाला बसून आपली वाट बघत होता.

मी इथे आहे आणि मला काही करता येत नाही. तुम्ही लिहीत राहा, थांबू नका.

तुमची
हर्षदा


लिंबायत, सुरत
श्रावण वद १०, संवत २०८१

चि. हर्षदा हिस आप्पा आणि आईचे भरभरून आशीर्वाद,

काल रविवारी ललित आला. आज सकाळच्या पाळीला हजीऱ्याला परत गेला, पोळ्याला पुन्हा येतो म्हणाला.

वाळलाय. वेल्डिंगचं काम करतो, हातावर ठिणग्यांचे डाग आहेत. आईने आधी त्याला खूप बोलून घेतलं. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचे हात दिसत होते. मग तिने कळण्याची भाकरी टाकली आणि मीठ आधी घातलं का ते त्याने उभं राहून बघितलं. रोट आता कुठून आणणार, ते सणाचे सणालाच होतात. ते त्यालाही माहीत आहे, त्याने विचारलं नाही. संध्याकाळी आनंदाकाका येऊन गेले, ललित त्यांच्या पाया पडला. काका काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही.

तू माझी पानं वाचली नाहीस, शपथ पाळलीस. आता ती सुटली, वाच. ललितने तुझ्या आईला वाचून दाखवली. शेवटचं पान मी अहिराणीत लिहिलं होतं, ते मात्र त्याने माझ्या कानाशी तोंड आणून म्हणून दाखवलं, आणि मला ते सगळं ऐकू आलं: “तुना नावनी मूठ मी दर साल उचली. तुना वाटाना रोट मीच खास. आते पोट भरनं. ये.” वाचून तो हसला. तुझी आई म्हणाली, बघ ललित, तुझ्या वाट्याचे रोट खाऊन यांचं पोट एवढं सुटलंय.

तो कसा आला ते मुद्दाम शेवटी ठेवलंय.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी दुपारी आई रंजनाकडे गेली होती. मी दाराकडे पाठ करून बसलो आणि त्याला नवीन पान लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीला आलो. तू एवढं समजावलंस तरी हात सवयीने गेला आणि मी २०८१ घातलं. सकाळी पानं दिसली तसा ललित निघाला होता, त्याने दारातून हाका मारल्या म्हणे. मला कुठल्या ऐकू येणार? मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. डाग पडलेला होता, ओळखीचा वाटला नाही. पण अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं. लहानपणी उधन्याला मागात सापडलेला अंगठा तो. त्या हाताने २०८१ पुसलं आणि २०२५ केलं.

मी मान वर केली नाही. म्हटलं, बघितलं आणि कुणी नसलं तर? खाली काही लिहिलेलंच नव्हतं, तरी बटण दाबलं. दोघांनी मिळून हिरवी खूण यायची वाट बघितली. ती आली, मग मी वळलो.

ते कोरं पान आता तुझ्या साइटवर आहे. ते राहू दे, काढू नकोस. दिवाळीला तू ये, आपण चौघं असू. तोवर पत्रातून भेटत राहा.

तुझे
आप्पा